झिजलेल्या कानशीची सुरी: बक कंपनीची गोष्ट

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘बक ११०: बाजार बदलणारी सुरी’, म्हणजे बक या अमेरिकन कंपनीचा मिटणारा चाकू. ११०वर येतोच. पण आधी मला भट्टीबद्दल बोलायचंय. आपल्याकडे सुऱ्यांचा शौक असलेला कुणीही भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘स्टील कुठलं?’ पोलादाचा नंबर कळला की त्याचं समाधान झालं. त्याला पाणी कुणी दिलं, म्हणजे तापवून झटक्यात थंड कुणी केलं, कुठल्या तापमानावरून केलं, नंतर टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेतानं तापवणं, किती वेळ केलं, हे विचारणारा क्वचितच. मी सगळी नोकरी हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे याच तापवण्या-थंड करण्यात केली, म्हणून मला याचा खरोखर राग येतो.

एका कारखान्यात डी-टू या हत्यारी पोलादाचे पंच, म्हणजे पत्र्याला भोकं पाडायची हत्यारं, बनवले होते. माल चांगला, मशीनिंग सुबक. माल पाठवायची घाई, म्हणून टेम्परिंग अर्ध्यावर उरकलं. पहिल्याच पाळीत पंचांच्या कडा बिस्किटासारख्या तुटल्या. आणि बोल कुणाला? पोलाद पुरवणाऱ्याला! मागच्या रांगेत टूलरूमची मंडळी हसताहेत, म्हणजे हे तुमच्याकडेही झालेलं दिसतंय.

तर हॉइट हीथ बक. जन्म १८८९. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये लोहाराच्या हाताखाली शिकणारा पोरगा. कंपनी आपला इतिहास १९०२पासून मोजते. त्या वर्षी या पोरानं शेतीच्या अवजारांची धार जास्त टिकावी म्हणून पोलादाला पाणी द्यायची स्वतःची रीत बसवली. वय जेमतेम तेरा! मला या माणसाविषयी जे प्रेम आहे ते इथून सुरू होतं.

तो सुऱ्या कशाच्या करायचा? झिजून टाकून दिलेल्या कानशींच्या, म्हणजे लोखंड घासायच्या खरखरीत पट्ट्यांच्या. कानशीत कार्बन, ज्याच्यामुळे पोलाद कडक होतं, एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त, म्हणजे माल फुकटात आणि अस्सल. पण कानस दुसरं लोखंड कापते, म्हणून ती अतिशय कडक आणि तितकीच ठिसूळ असते. तिला नुसतं घासून सुरीचा आकार दिलात तर थोड्या जोरानंही मोडेल. कडकपणा नेमका किती उतरवायचा, की धार टिकेल आणि पातंही मोडणार नाही, सगळी विद्या तिथे आहे. त्या काळच्या लोहाराकडे पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र, कुठला? चकचकीत घासलेलं पोलाद तापू लागलं की त्यावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा असे रंग चढतात. बघायचं आणि वेळेवर थांबायचं. इथे ज्यांनी हे डोळ्यांनी केलंय त्यांनी हात वर करा. बघा, अजून आहेत! फार बरं वाटलं.

पुढे हॉइट आयडाहोतल्या माउंटन होम गावी पाद्री झाला. दुसरं महायुद्ध आलं, सैनिकांना सुऱ्या हव्यात असं सरकारनं लोकांना आवाहन केलं. या पाद्र्यानं ऐरण, भट्टी, ग्राइंडर मिळवलं आणि चर्चच्या तळघरात लोहारकाम मांडलं. वर प्रार्थना, खाली घण. माझ्या मते कंपनीचा खरा पाया तिथेच पडला, नोंदणीच्या कागदावर नाही. युद्धानंतर तो सॅन डिएगोला मुलाकडे, अ‍ॅलकडे गेला. १९४७मध्ये ‘एच. एच. बक अँड सन’ सुरू झालं आणि १९४९मध्ये हॉइट वारला.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग ११० भरभर सांगतो.

१९६१मध्ये अ‍ॅलनं रीतसर कंपनी केली. १९६४मध्ये ११० बाजारात आली: पावणेचार इंचांचं पातं, पितळी टोकं, लाकडी मूठ. पाठीवरचं कुलूप बकनं शोधलेलं नाही, ते आधीपासून होतं. मुठीच्या पाठीत एक पट्टी असते. पातं उघडलं की स्प्रिंगच्या जोरानं तिचं टोक पात्याच्या बुडाच्या खाचेत बसतं, मागून दाबलं की सुटतं. शिकाऱ्याला कमरेवर लांब म्यान नको होतं आणि बोटांवर मिटणारा चाकूही नको होता. ११०नं दोन्ही अडचणी सोडवल्या. इतर कंपन्यांनी नकला केल्या आणि अमेरिकेत अशा कुठल्याही कुलपाच्या चाकूला लोक ‘बक नाइफ’ म्हणू लागले.

आता माझा मुद्दा. सुरुवातीला बक ४४०सी नंबरचं पोलाद वापरायची, त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास. धार टिकायची, पण गिऱ्हाइकाला घरी धार लावताना जीव मेटाकुटीला यायचा. पुढे कंपनी ४२०एचसीवर आली, त्यात कार्बन निम्म्याहून कमी. नंबर वाचणारे नाक मुरडतात. पण हीट ट्रीटमेंटचे जाणकार पॉल बॉस यांनी बसवलेल्या पद्धतीत पातं तापवून झपाट्यानं थंड करतात, मग शून्याच्या बरंच खाली नेतात, मग टेम्परिंग. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५८च्या आसपास येतं. तेच पोलाद दुसरीकडे दोन-तीन अंकांनी मऊच सोडलेलं आढळतं. स्टील एकच, सुरी वेगळी.

१९८०मध्ये कारखाना एल कहोनला गेला. कॅलिफोर्नियातला खर्च झेपेना, म्हणून २००५मध्ये आयडाहोतल्या पोस्ट फॉल्सला. इमारत बदलली, हीट ट्रीटमेंट मात्र कंपनीनं आपल्याच छताखाली ठेवली. टेबलावर एक ११० ठेवली आहे. कुलूप उघडून बघा, पातं मिटताना बोटं बाजूला ठेवा, आणि प्रश्न विचारा.