अ‍ॅसिड घरी ठेवा, बादली घेऊन या

नमस्कार मंडळी. दोन नोव्हेंबर जवळ आलाय, म्हणजे आमच्या वसईत चर्चमागच्या सिमेटरीत, म्हणजे दफनभूमीत, बादल्या खडखडायला लागल्यात. वर्षभर कोणी फिरकत नाही, पण ऑल सोल्स डेच्या, म्हणजे दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधीच्या रविवारी घरटी एक माणूस ब्रश घेऊन हजर. दगडांवर चार महिन्यांच्या पावसाचं शेवाळ चढलेलं असतं, आणि मग कोणीतरी शहाणा बाथरूमची लादी धुवायचं अ‍ॅसिड काढतो.

हा शहाणा म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा मी. आजोबांचा दगड संगमरवरी. अ‍ॅसिड ओतलं, फसफसलं, पांढरंशुभ्र झालं, मी खूश. पुढच्या वर्षी बघतो तर अक्षरांच्या कडा खडीसाखर चोखल्यासारख्या झालेल्या, बोट फिरवलं तर पीठ लागतंय. संगमरवर म्हणजे शेवटी चुनाच की, अ‍ॅसिडने त्याचा मळ निघत नाही, दगडच निघतो. आता आजोबांचं आडनाव वाचायचं तर ते आधी माहीत असावं लागतं. घरी सांगितलं नव्हतं, आज रेडिओवरच कळेल.

तर आता करतो ते सांगतो. बोटाने दगडावर टकटक करायची, पोकळ वाजला किंवा पापुद्रे सुटत असतील तर धुवायचाच नाही, नुसता फोटो काढायचा. दगड घट्ट असेल तर साधं पाणी, भरपूर, आधी नीट भिजू द्यायचं, मग मऊ ब्रश आणि खालून वर घासत जायचं, कारण वरून सुरू केलं की घाण पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळतं आणि ते ओघळ मग जाता जात नाहीत. अक्षरांतलं शेवाळ काढायला जळलेल्या अगरबत्तीची काडी बेस्ट. तारेची घासणी नको, साबण नको.

वाचायचं कसं? दुपारी बारा वाजता काहीच दिसत नाही. सकाळचं तिरकं ऊन हवं, नाहीतर कपाटाचा जुना आरसा घेऊन बाजूने कवडसा पाडायचा, की पुसट अक्षर सावलीत उठून येतं. काही दगडांवर शिशाची अक्षरं बसवलेली असायची, ती पडून गेली तरी ज्या भोकांत ती अडकवलेली ती भोकं राहतात, ठिपके जोडावेत तसं नाव लागतं. भाचीने आरसा धरला तेव्हा एका दगडावरचा आकडा असाच लागला, झिजलेला १ आणि ९ तर सारखेच दिसतात. १९१८ निघालं. महिना ऑक्टोबर. शेजारच्या लहान दगडावरही ऑक्टोबर १९१८, आडनाव तेच. इन्फ्लुएंझाची साथ, देशात कोटीच्या वर माणसं गेली म्हणून शाळेत वाचलेलं, ती इथे दोन हातांवर झोपलेली.

वहीत उतरवताना ओळ तिथे ओळ, चूक तिथे चूक. लोपीसचं लोपेस करायचं नाही, डिमेलोचं डिमेल्लो कोरलंय तर तेच लिहायचं. भाची म्हणते मामा हे चुकलंय, मी म्हटलं चुकू दे, उद्या बाप्तिस्म्याच्या वहीशी ताडून बघणाऱ्याला त्या चुकीवरूनच घर सापडेल.

वसईच्या किल्ल्यात मात्र बादली नेऊ नका हं. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे आरसा आणि वही एवढंच. पोर्तुगीज इथे १५३४ ते १७३९ होते, सेंट अँथनीच्या पडक्या चर्चमध्ये अजून थडग्यांचे दगड जमिनीत आहेत आणि पोर्तुगीजचा गंध नसला तरी थोडं लागतं. यू च्या जागी व्ही कोरलेला असतो एवढं कळलं की सेपुल्तुरा, म्हणजे थडगं, लगेच ओळखू येतं. कुठे कुठे पुढे वारसांचाही उल्लेख, म्हणजे जागा फॅमिलीसाठी बुक केलेली!

आमच्याकडे आता तेवढी जागा कुठली, कबर परत उघडतात, जुना दगड भिंतीला टेकतो आणि कधीतरी गायब होतो. फादरांना विचारून ठेवलंय. रविवारी पहिली मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटली की मी गेटपाशी आरसा घेऊन उभा असेन. अगरबत्तीच्या काड्या आहेत, बादल्या कमी आहेत.