साडेआठचं बुलेटिन

(पडद्यावर: गिरगावातल्या चाळीची गॅलरी. आत टेबलावर लॅपटॉप, शेजारी भिंतीवरून उतरवून आणलेलं कॅलेंडर.)

लग्न मे महिन्यात झालं, ऐन उकाड्यात. हनिमून मात्र राहून गेला. त्याला नवी नोकरी लागलेली, तिची सगळी रजा लग्नातच संपलेली. मग ठरलं, गणपती झाले की जायचं. अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप दिला की दोन दिवसांत विमान. आणि जायचं कुठे, तर बोटीवर. मायामीहून सुटणारी, सात रात्रींची, पूर्व कॅरिबियन बेटांची क्रूझ.

ही माझी मावसबहीण, तो तिचा नवरा. नावं सांगायची नाहीत या अटीवर त्यांनी मला कॅमेरा घरात आणू दिला.

अमेरिकेचा व्हिसा दोघांकडे आधीपासून होता, ऑफिसच्या कामामुळे. तो नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती. बोट मायामीहून बाहेर पडते आणि मायामीला परत येते, म्हणजे अमेरिकेत दोनदा शिरायचं. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. तिच्या पासपोर्टवर अजून माहेरचं नाव आहे, त्यामुळे तिकीटही माहेरच्याच नावाने. आजीला हे काही फारसं पटलं नाही.

लॅपटॉपवर भाड्याचे आकडे होते. जानेवारीत बाल्कनीच्या केबिनकडे बघायचीही सोय नव्हती. सप्टेंबरात तीच केबिन आवाक्यात आलेली. "ऑफर चालू आहे," जावई म्हणाला.

आजीने कॅलेंडरवर बोट ठेवलं. "अरे, हा पितृपक्ष आहे. या पंधरवड्यात कोणी शुभकार्याला निघतं का?"

मामांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. आमचे मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातला पंखा कुरकुरला की आधी कान लावून ऐकतात. त्यांनी तारखा पाहिल्या आणि म्हणाले, "बोट बुडायची नाही. तुमची ट्रिप बुडेल."

ही फिल्म त्या एका वाक्याची आहे.

(पडद्यावर: अटलांटिक महासागराचा नकाशा.)

अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. पण हे सहा महिने सारखे नाहीत. जून-जुलै बहुतेक वेळा शांत जातात. ऑगस्टच्या मध्यापासून आलेख चढतो आणि 10 सप्टेंबरच्या आसपास टोक गाठतो. गणपतीनंतरचा पंधरवडा बऱ्याच वर्षी बरोबर या टोकाला लागून येतो. यात कसलंही प्राचीन ज्ञान शोधू नका, हा निव्वळ योगायोग आहे. पंचांग करणाऱ्यांना कॅरिबियन समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं. मी आजीला हे समजावलं. ती म्हणाली, "असेना. पंधरवडा तोच ना?"

मग सप्टेंबरच का? वादळाचं जळण म्हणजे गरम पाणी. पृष्ठभागाचं तापमान साधारण 26.5 अंशांच्या वर लागतं आणि उन्हाळाभर तापलेला तिथला समुद्र सप्टेंबरात सर्वात उबदार असतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. समुद्रालगतचा वारा एका दिशेने आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा दुसऱ्या दिशेने जोरात वाहत असेल, तर उभं राहू पाहणाऱ्या वादळाचं डोकं एकीकडे जातं, धड दुसरीकडे. सप्टेंबरात तिथली ही ओढाताण कमी होते. त्यात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दर काही दिवसांनी हवेची एक लाट समुद्रावर उतरते. बहुतेक लाटा विरून जातात. एखादी पाणी पिऊन मोठी होते आणि आठवडाभरात कॅरिबियन बेटांच्या दारात उभी राहते. 2017 च्या सप्टेंबरात इर्मा अशीच आली आणि बारबुडा, सेंट मार्टिन झोडपून गेली. दोन आठवड्यांत तिच्यामागोमाग मारिया आली, डॉमिनिका आणि पोर्तो रिकोवर.

आमच्या जोडप्याच्या बोटीचा एक थांबा सेंट मार्टिनच होता.

(पडद्यावर: ससून डॉक. किनाऱ्याला लागलेल्या बोटी.)

मुंबईच्या माणसाला यात एक गोष्ट उलटी वाटते. आपला समुद्र पावसाळ्यात खवळतो. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळाभर बंद. नारळी पुनवेला कोळी दर्याला नारळ देतात, तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने समुद्र उघडतो. म्हणजे सप्टेंबर आला की आपल्या मनात समुद्र निवलेला असतो. तीच समजूत घेऊन आपण मायामीची तिकिटं काढतो.

शिवाय अरबी समुद्रातही चक्रीवादळांचे महिने पावसाळ्याच्या मधले नाहीत. भर पावसाळ्यात खाली नैऋत्येचा वारा आणि वर पूर्वेचा, त्यामुळे तीच ओढाताण होते आणि वादळ सहसा उभंच राहत नाही. लाटा मोठ्या असतात, पण चक्रीवादळ दुर्मीळ. ते येतं पावसाळ्याच्या उंबरठ्यावर, नाहीतर पाऊस परतल्यावर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते मुंबईला घासून गुजरातकडे गेलं. 17 मे 2021. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात पी-305 हा बार्ज, म्हणजे कामगार राहायची सपाट नौका, नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. 70 हून अधिक माणसं गेली. तौक्ते हे नाव म्यानमारने सुचवलेलं, अर्थ पालीच्या जातीचा एक प्राणी. मुंबईतून तेव्हा किती जणांच्या मनात पाल चुकचुकली असेल, आणि किती जणांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं असेल.

आणि 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा, दोन वादळं अरबी समुद्रात एकाच वेळी फिरत होती. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे मुंबईहून गोव्याच्या, लक्षद्वीपच्या क्रूझ सुरू होण्याचे दिवस. तेव्हा इथल्याच बोटीने गेलात तरी हवामान खात्याकडे बघूनच निघायचं.

(पडद्यावर: मामांचे हात. स्टीलच्या ताटलीत चहाची बशी गोल फिरते आहे.)

बोट का बुडायची नाही, हे मामांनी बशी फिरवून दाखवलं. बशी म्हणजे वादळ. त्या पट्ट्यात ते सहसा ताशी 15 ते 25 किलोमीटर वेगाने सरकतं. चहाचा चमचा म्हणजे बोट. आजची क्रूझ बोट ताशी 40 किलोमीटरच्या आसपास धावते. वादळ कुठे आहे ते कॅप्टनला चार-पाच दिवस आधीपासून दिसत असतं. तो वाट सोडतो. चमचा बशीला वळसा घालून पलीकडे गेला.

"पण सेंट मार्टिन बशीखाली राहिलं," माझी बहीण म्हणाली.

"राहिलं ना. पूर्वेचं तिकीट काढून तुम्ही पश्चिम बघून याल. मेक्सिकोचं कोझुमेल वाईट नाही. किंवा दोन दिवस नुसतं पाणी."

याचे पैसे परत मिळतात का? तिकिटासोबतचा करार कोणी वाचत नाही. आम्ही वाचला, एका रविवारी, वरण-भाताच्या आधी. बोट कंपनी हवामानामुळे मार्ग बदलू शकते, थांबा गाळू शकते, दुसरं बंदर घेऊ शकते. त्याबद्दल भरपाई देण्याचं बंधन तिच्यावर नाही. गाळलेल्या बंदराचा कर तेवढा साधारणपणे परत मिळतो. कंपनीने आख्खी सफर रद्द केली, तर पैसे परत. पण वादळाच्या भीतीने तुम्हीच घरी बसलात, तर रक्कम बुडाली असं समजा. सप्टेंबरातलं स्वस्त भाडं कशाची किंमत आहे ते इथे कळतं. तुम्ही बेट विकत घेत नाही, तुम्ही बोट विकत घेता. बेट मिळालं तर मिळालं.

मला विचाराल तर हा सौदा वाईट नाही. ज्याला बोटीवरच बसून समुद्र बघायचा आहे, बेटं गौण आहेत, त्याने खुशाल सप्टेंबरात जावं. जिने विशिष्ट किनाऱ्यावर फोटो काढायचा म्हणून खास पांढरा ड्रेस शिवून घेतलाय, तिने जानेवारीपर्यंत थांबावं. माझ्या बहिणीने ड्रेस शिवला होता. तरी ती थांबली नाही.

जावयाने दुसरा मार्ग सुचवला: अरुबा, कुरासाव. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली. तिथे फटका क्वचित बसतो हे खरं. पण जवळजवळ त्याच अक्षांशावरच्या ग्रेनेडाला 2004 मध्ये आयव्हन वादळाने उद्ध्वस्त केलं आणि 2024 च्या जुलैत बेरिलने तिच्याच कॅरियाकू बेटावर छप्परं शिल्लक ठेवली नाहीत. सिंगापूरचंही नाव निघालं. विषुववृत्ताला इतकं लागून वादळाला गरगर फिरण्यासाठी लागणारी पृथ्वीची ढकलच मिळत नाही. 2001 च्या डिसेंबरात वामेई नावाचं एक वादळ तिथे उठलं, ते इतकं नवल की अजून त्याचे दाखले देतात. सिंगापूर सुरक्षित होतं, स्वस्त होतं, जवळ होतं. "तिथे ऑफिसचे सगळे जाऊन आलेत," ती म्हणाली. विषय संपला.

(पडद्यावर: विम्याचा कागद, फोनवरचा गजर.)

मग मामांनी हुकूम सोडले. विमा आजच काढा, आगाऊ रक्कम भरली त्याच दिवशी. वादळाला नाव पडलं की विमा कंपनीच्या लेखी ते आधीच ठाऊक असलेलं संकट होतं. त्यानंतर काढलेली पॉलिसी त्या वादळापुरती सहसा कामाची नसते. आणि पॉलिसीत "सफर रद्द" आणि "मार्ग बदलला" ही दोन वेगळी कलमं आहेत, दोन्ही बघा. मायामीत बोट सुटायच्या दोन दिवस आधी पोहोचा, मुंबईहून थेट विमान नाही. परतीचं विमान बोट लागते त्या दिवशी ठेवू नका. वादळ मायामीकडे वळलं तर तिथलं तटरक्षक दल बंदर बंद करतं, आणि बोट बाहेर समुद्रात एक-दोन दिवस ताटकळते. बोटीत जेवण मिळत राहतं. विमान मात्र थांबत नाही.

वादळ उठलं की मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची बुलेटिन दर सहा तासांनी निघतात. मोसमात भारतीय वेळेने सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि मध्यरात्रीनंतर अडीच. नकाशावर पांढरा शंकू दिसतो, पुढे पुढे रुंद होत जाणारा. तो वादळाचा आकार नाही, हे मामांनी तीनदा सांगितलं. वादळाचा मध्य कुठून जाईल, त्या अंदाजात होऊ शकणारी ती चूक आहे. मध्य तीनात एकदा शंकूच्या बाहेरही जातो, आणि वारा-पाऊस तर शंकूबाहेर कितीतरी दूर पोचतो. शंकू चुकवून बेट सुटलं असं मानणाऱ्यांसाठी हे.

ऑगस्टपासून रात्री साडेआठला दोघांच्या फोनवर गजर वाजू लागला. पोळ्या लाटता लाटता ती विचारायची, "काही आहे का रे?"

आजीला हे बघवेना. तिचं लहानपण रेवसचं. 17 जुलै 1947 ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसला निघाली, गटारीच्या अमावास्येसाठी गावी जाणाऱ्यांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ उलटली. 600 हून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. आजी तेव्हा चार वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच, की धक्क्यावर जायला निघालेले तिचे वडील परत येईपर्यंत घरात कोणी दिवा लावला नाही.

ऑगस्टातल्या एका रात्री पहिल्यांदा आजीने माझ्या बहिणीचा फोन हातात घेतला. "हे लाल म्हणजे वाईट?"

"लाल वाईट. नारिंगी मध्यम. पिवळं म्हणजे बघू."

(पडद्यावर: विसर्जनानंतरची गिरगाव चौपाटी. मग दारात दोन बॅगा.)

निघायच्या दिवशी आजीने नारळ दिला. अमेरिकेच्या कस्टमशी नारळावरून वाद घालायची कोणाची तयारी नव्हती. तो चौपाटीवर, अजून निर्माल्य वेचणाऱ्या पालिकेच्या माणसांच्या पलीकडे, पाण्यात सोडला.

विमान पहाटेचं. जेवणं उरकली. साडेआठला गजर झाला, आणि या वेळी फोनकडे आजीच आधी वळली. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक फुली होती, म्हणजे तिथून वादळ उठण्याची शक्यता.

"पिवळी आहे," ती म्हणाली. "वीस टक्के."

मामांनी चष्मा पुसला, नकाशा बघितला, फोन परत तिच्या हातात दिला. "अडीचला पुन्हा बघ."