वर्गातला टॅबलेट आणि पॉजचं बटण

टॅबलेट आणला की पहिला प्रश्न येतो, कुठले व्हिडिओ दाखवायचे? मला वाटतं त्याच्याही आधी विचारायला हवं की व्हिडिओ थांबवायचा कुठे. कारण नुसता सलग व्हिडिओ तर टीव्हीवरपण दिसतो, टॅबलेट बोटाखाली असतो म्हणून तो पाहिजे तिथे थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि शिकवणं त्या थांबलेल्या अर्ध्या मिनिटातच होतं.

समजा हृदय रक्त कसं पंप करतं त्याचं ॲनिमेशन चालू आहे. झडप बंद व्हायच्या जरा आधी पॉज करा आणि मुलांना विचारा, आता रक्त कुठे जाईल? दोघंतिघं बोलतील, त्यातलं एखादं चुकीचं बोलेल, वाद होईल, होऊ द्या. मग प्ले करा. आता प्रत्येक मूल आपलं उत्तर बरोबर आलं का ते बघायला स्क्रीनकडे बघतंय, नुसतं बघायचं म्हणून नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

लांबीचं म्हणाल तर २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या कोर्सेसमधली, व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सेशन तपासली होती, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण ६ मिनिटांच्या वर टिकत नाहीत. ते शिकणारे मोठे होते, शाळेतली मुलं नव्हती, तरी ४० मिनिटांचा तास एका व्हिडिओने भरून काढू नये एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आता हे थांबवणं, मागे नेणं जमायचं तर फाइल टॅबलेटमध्येच हवी. नेटवरून चालवलात तर मागे नेलं की ते गोल चक्र फिरत बसतं आणि तेवढ्यात वर्ग हातातून गेलेला असतो. रीतसर डाउनलोड करता येतं ते आदल्या दिवशी घ्या. एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) मधली ७२०पी, म्हणजे मध्यम स्पष्टतेची, एमपी४ फाइल ठेवा, ती जवळजवळ सगळ्या टॅबलेटवर चालते, जुन्यावरसुद्धा. सेकंदाला दीड मेगाबिट दराने १० मिनिटांचा व्हिडिओ सव्वाशे एमबीच्या आतच बसतो, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात अडीचशे क्लिप आरामात मावतात. एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मागे ओढल्यावर व्हिडिओ भलत्याच जागी उडी मारतो ना, तो बहुतेक वेळा टॅबलेटचा दोष नसतो, फाइलमध्ये की-फ्रेम, म्हणजे पूर्ण साठवलेली चित्रं, लांब लांब असतात आणि प्लेअर जवळच्या की-फ्रेमवर जाऊन बसतो. स्वतः रेकॉर्ड केलेली फाइल असेल तर हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दर सेकंद-दोन सेकंदाला की-फ्रेम ठेवून पुन्हा बनवा, मग हव्या त्या जागी थांबता येतं.

स्क्रीनबद्दल मात्र स्वतःला फसवू नका. १० इंचाचा टॅबलेट पाच-सहा मुलांना नीट दिसतो, मागच्या बाकावरून फक्त उजेड दिसतो. अख्ख्या वर्गाला दाखवायचं तर प्रोजेक्टर लागणारच, आणि इथेच बरेच जण अडकतात, कारण टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून व्हिडिओ बाहेर येईलच असं नसतं, स्वस्त टॅबलेटमध्ये तो बऱ्याचदा फक्त चार्जिंग आणि डेटापुरता असतो. तेव्हा खरेदीआधी व्हिडिओ आउटपुट आहे का ते विचारा, जमलं तर दुकानातच केबल लावून बघा. वायरलेसवर चित्र जातं, पण उशिरा, तुम्ही पॉज दाबता आणि भिंतीवरचं चित्र थोडं पुढे जाऊन थांबतं. म्हणून मी केबलच सांगेन. आवाजालाही वेगळा स्पीकर लागतोच.

पण मला खरं आवडतं ते चार मुलांमध्ये एक टॅबलेट देणं आणि पॉजचं बटण त्यांच्याच हातात सोडणं. स्क्रीन पिनिंग (स्क्रीनवर एकच ॲप अडकवून ठेवायची सोय) चालू करा म्हणजे दुसऱ्या ॲपमध्ये भटकणार नाहीत, आणि सांगा, जिथे कळलं नाही तिथे थांबवा आणि ती वेळ वहीत लिहा. तास संपला की वह्या गोळा करा. तीन गटांनी एकाच जागी व्हिडिओ थांबवला असेल तर उद्या तो भाग फळ्यावर घ्यायचा, व्हिडिओ न लावता.