नवव्या हिश्शापलीकडचं कॉलेज

(नदीकाठची भिंत. कॅमेरा कोरलेल्या अक्षरांवरून सरकतो.)

बंगालमधल्या हुगळीचा इमामबाडा, म्हणजे शिया मुसलमानांची मोहरमची वास्तू. नदीकडच्या भिंतीवर चक्क एक दस्तऐवज कोरलाय. सातबारा भिंतीवर लिहावा, तसा. हाजी मुहम्मद मोहसिन यांचा 1806 सालचा वक्फनामा.

मोहसिन अविवाहित. पूर्व बंगालातल्या जेसोरकडची सय्यदपूरची जमीनदारी सावत्र बहीण मन्नुजान हिच्याकडून त्यांच्याकडं आलेली. ती त्यांनी वक्फ केली. म्हणजे जमीन विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न तेवढं खर्चायचं. देवस्थान इनाम ठाऊक असलेल्याला हे फोडून सांगायला नको.

उत्पन्नाचे हिस्से नऊ. तीन मोहरम आणि इमामबाड्यासारख्या धर्मकार्याला. दोन मुतवल्लींना, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांना. चार हिस्से पगार, पेन्शन, दानधर्माला. कॉलेजचं नाव कुठंच नाही.

(जुनी इमारत, लांब व्हरांडा.)

1812 साली मोहसिन गेले. मुतवल्लींनी घोळ घातला, सरकारनं कारभार हाती घेतला, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. खंड मात्र जमा होत राहिला. त्या साठलेल्या पैशातून 1 ऑगस्ट 1836 रोजी शेजारच्या चिनसुऱ्यात सरकारनं कॉलेज उघडलं. आजचं हुगळी मोहसिन कॉलेज.

इंग्रजी शिकायला पोरांची रीघ लागली. बहुतेक हिंदू घरांतली. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय इथलेच. ‘वंदे मातरम्’चा कवी वक्फच्या पैशावर चाललेल्या कॉलेजात शिकला, याची मला गंमत वाटते. पण ज्यांच्या नावानं पैसा ठेवला, त्यांची मुलं वर्गात मूठभरच, हेही खरं. आपल्याकडं पेशवे विद्वान ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेच्या पैशातून 1821 साली पुण्यात पाठशाळा निघाली, तेव्हाही दात्याच्या मनातलं आणि सरकारच्या मनातलं एकच नव्हतं.

तक्रार धुमसत राहिली. 1871 साली विल्यम हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्यानंच ती पुस्तकात मांडली. दोन वर्षांनी सरकारनं कॉलेजचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून उचलला. मोहसिन फंडातून मुस्लिम मुलांची फी, शिष्यवृत्त्या आणि ढाका, चितगाव, राजशाहीचे मदरसे चालू लागले.

(नदीवर संध्याकाळ.)

चितगावच्या मदरशाचं पुढं कॉलेज झालं. त्यालाही मोहसिन यांचंच नाव. चिनसुऱ्याचं कॉलेज फाळणीत भारतात राहिलं. ज्या सय्यदपूरच्या खंडावर ते उभं राहिलं, ती जमीन 1947 साली सीमेपलीकडं गेली.