नऊ वाजता दुर्बीण मिटू नका : नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी आणि चतुर

(निरीक्षण मनोऱ्याचा पायथा. मागे उथळ पाणी आणि पाणकणसाचे बेट.)

नमस्कार. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आहे, सकाळचे सव्वानऊ वाजले आहेत आणि माझ्या मागचा हा मनोरा रिकामा होऊ लागला आहे. पहाटे अंधारात घर सोडून आलेली मंडळी थर्मासमधला उरलासुरला चहा संपवून, ‘ऊन चढले, पक्षी बसले, आता काय पाहायचे’ असे म्हणत गाड्यांकडे वळली आहेत. मीही कित्येक वर्षे याच वेळेला इथून निघत असे आणि पाणथळीचा निम्मा दिवस न पाहताच घरी पोहोचत असे. आज आपण मंडळी गेल्यानंतरची पाणथळ पाहणार आहोत. मात्र त्यासाठी पहाटे काय घडले तेही थोडे सांगावे लागेल.

हे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीच्या पाण्यासाठी बंधारा बांधला गेला, तेव्हा पक्ष्यांचा विचार बहुधा कोणी केला नसेल. पुढच्या शंभर वर्षांत दोन्ही नद्यांनी बंधाऱ्यामागे गाळ आणून टाकला, साठवण घटली, पाणी उथळ झाले, गाळाची बेटे वर आली आणि त्यांवर पाणकणीस आणि लव्हाळा माजला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पण गुडघाभर पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना हवी असते ती नेमकी अशीच जागा, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात ती सहजासहजी मिळत नाही. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतील, महाराष्ट्राची पहिली पाणथळ म्हणून याच जागेचे नाव जाहीर झाले. अर्थात काठावर उभे राहिले की यादी आठवत नाही. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा, आणि पाणी ओसरेल तिथे गाळपेर करण्याच्या तयारीतला शेतकरी, असे चित्र समोर असते.

पहाटेचा पहिला तास खरे तर कानांचा असतो. टिबुकलीची खिदळल्यासारखी किलबिल, जांभळ्या पाणकोंबड्यांचा पाणकणसातला कलकलाट आणि टिटवीची तक्रार हे सगळे दुर्बीण डोळ्यांना लावण्याआधीच कळते. उजाडले की सर्वांत आधी दिसतात ते वारकरी. काळा देह आणि गोपीचंदनाचा टिळा लावल्यासारखे पांढरे कपाळ. ज्याने हे नाव ठेवले त्याची नजर मानली पाहिजे. हळदी-कुंकू बदकाचेही तसेच आहे. चोचीच्या टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू, एवढे लक्षात ठेवले की ते ओळखायला पुस्तक उघडावे लागत नाही.

आज पहाटे मी सर्वाधिक वेळ दिला तो कमळपक्ष्याला. विणीच्या काळातली लांब, डौलदार शेपटी आता झडलेली आहे, त्यामुळे बरेच जण त्याला ओळखतही नाहीत. पण त्याच्या पायांकडे पाहा. बोटे इतकी लांब आहेत की शरीराचा भार तरंगत्या पानावर पसरला जातो, आणि पान बुडण्याच्या बेतात आले की तो घाई न करता पुढच्या पानावर पाऊल ठेवतो. या पक्ष्याच्या संसारात मादी एकाहून अधिक नरांशी जोडी जमवते आणि अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे ही कामे नराकडे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तरंगत्या घरट्यावर एखादा कमळपक्षी बसलेला दिसला, तर त्याला ‘आई’ म्हणण्याची घाई करू नये.

पक्षी पाहताना होणारी मोठी चूक म्हणजे पायी जवळ जाण्याचा मोह. एका वर्षी थापट्या बदकांचे चांगले छायाचित्र मिळावे म्हणून मी बांधावरून वाकत वाकत पुढे सरकलो. चाळीस पावले झाली नसतील, तोच सगळा थवा उठला, आणि त्याबरोबर पलीकडच्या शेकाट्यांनीही पाणी सोडले. मनोऱ्यावर तासभर शांत बसलेल्या इतर लोकांनी मला काही म्हटले नाही, यातच सगळे आले. लांबच्या प्रवासाहून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाणाची किंमत अंगातल्या चरबीतून मोजावी लागते. दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की थवे उठतातच. त्यात आपली भर नको. मोबाइलवरून आवाज वाजवून पक्षी बोलावणे आणि ड्रोन उडवणे या दोन गोष्टींवर मी वेगळा वेळ घालवत नाही, कारण त्या करायच्याच नाहीत.

(कॅमेरा कुंपणाच्या तारेकडे वळतो.)

आता त्या तारेवर पाहा. हिरवा, शेपटीतून दोन काड्या बाहेर आलेला तो वेडा राघू आहे. तो आत्ता झेपावला, पाण्यावर एक गिरकी घेऊन पुन्हा त्याच जागी आला आणि चोचीतले काहीतरी तारेवर आपटू लागला. दुर्बिणीतून चार पारदर्शक पंख स्पष्ट दिसत आहेत. तो चतुर नावाचा कीटक आहे. राघूला जे कळते ते मला उशिरा कळले : ऊन चढले की या पाण्याची दुसरी पाळी सुरू होते.

चतुराला उडण्यासाठी पंखांचे स्नायू तापवावे लागतात, म्हणून पहाटे तो दवाने भिजून गवताच्या काडीला लटकलेला असतो आणि मंडळी निघण्याच्या सुमारास कामाला लागतो. आधी एक ओळख करून घेऊ. बसल्यावर चारही पंख विमानासारखे पसरलेले असतील आणि मोठे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकल्यासारखे असतील तर तो चतुर; अंग सुईसारखे बारीक, डोळे दोन बाजूंना दूर आणि पंख बहुधा पाठीवर मिटलेले असतील तर ती टाचणी. अपवाद आहेत, पण आरंभाला एवढे पुरते.

इथे, माझ्यापासून दोन हातांवर, पाणकणसाच्या मोडक्या काडीवर एक लालभडक नर बसला आहे. मी जवळजवळ पाऊण तास याच्यासमोर आहे. तो उडतो, चिलट पकडतो आणि परत याच काडीवर येतो, त्यामुळे त्याच्या मागे धावण्याऐवजी काडीवर फोकस लावून थांबणे शहाणपणाचे. त्याचे डोके पाहा : माशी वरून गेली की ते चटकन तिरके होते. तो भक्ष्याचा पाठलाग करत नाही, ते पुढे कुठे पोहोचेल तिथे आधी जाऊन थांबतो, आणि सहा काटेरी पायांची परडी करून त्यात ते झेलतो. प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांत काही जातींचे चतुर दहापैकी नऊहून अधिक वेळा यशस्वी ठरले आहेत. कोणत्याही शिकारी पक्ष्याला हेवा वाटावा असा हा हिशेब आहे. उन्हाचा चटका वाढला तसे त्याने आता पोट सरळ आभाळाकडे उभे केले आहे. ही ऐट नव्हे. अंगाचा कमीत कमी भाग उन्हासमोर यावा म्हणून केलेले ते आसन आहे.

काडीच्या खालच्या बाजूला, पाण्यापासून वीतभर उंचीवर, तपकिरी रंगाचे जे पोकळ कवच चिकटले आहे, ती कोण्या एका चतुराची कात आहे. त्याचे बालपण पाण्याखाली जाते, जिथे तो आपला खालचा ओठ घडीच्या हातासारखा पुढे फेकून डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्ले आणि बारीक मासे धरतो. मोठे होण्याच्या रात्री तो काडीवर चढतो, पाठ फाटते, आणि जे उरते ते हे. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. कात मात्र तो याच पाण्यात वाढला याचा पुरावा असते, म्हणून माझ्या वहीत तिची नोंद वेगळी होते.

डोक्यावर न थांबता फिरणारे ते पिवळसर चतुर मात्र काडीवर सहसा येत नाहीत. पावसाबरोबर येणारी ही भटकी जात आहे. पावसाळी डबक्यात साधारण दीड-दोन महिन्यांत ती मोठी होते आणि डबके आटण्याआधी निघते. ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये, जिथे पृष्ठभागावर गोडे पाणी जवळपास नाही, असे लाखो चतुर उतरतात, हे तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने अनेक वर्षे नोंदवले आणि ते भारतातून वाऱ्याच्या साथीने पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे २००९ मध्ये मांडले. त्याच सुमारास आमूर ससाणेही भारतावरून आफ्रिकेकडे समुद्र ओलांडतात, आणि वाटेत हे चतुर त्यांची शिदोरी होत असावेत, असे अँडरसन यांचे म्हणणे आहे.

साधनांबद्दल थोडक्यात : आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरते, पण विकत घेताना ती दोन मीटरवरचे स्पष्ट दाखवते का, हे दुकानातच तपासावे. नाहीतर बदके दिसतील आणि पायाजवळचा चतुर धूसर राहील.

(वाहनतळ. काळ्या गाडीचा पुढचा भाग.)

निघण्यापूर्वी एक दृश्य. ही माझी गाडी, काल धुतलेली. तिच्या टपावर एक मादी पोटाचे टोक पुन्हा पुन्हा टेकवते आहे आणि वर नर पहारा देतो आहे. चकचकीत रंगावरून परतणारा प्रकाश तिच्या डोळ्यांना पाण्यावरच्या प्रकाशासारखा भासतो, म्हणून ती तापलेल्या पत्र्यावर अंडी घालते आहे. मी डिकीतली जुनी चादर काढून टपावर टाकतो. जोडीने चादरीवर दोन फेऱ्या मारल्या, तिसरी अर्धवट सोडली, आणि आता ती दोघे बांधापलीकडे पाण्याकडे गेली आहेत.