मेसचं ताट आणि महिन्याची ओढाताण

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून शिकायला शहरात आलेल्या मुलामुलींच्या जेवणाबद्दल आज मला बोलायचं आहे. कुणी छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाजवळ बेगमपुऱ्यात खोली घेऊन राहतं, कुणी लातूरच्या वसतिगृहात, कुणी नांदेड-परभणीत मावशी-आत्याकडे. सगळ्यांचा महिन्याचा हिशेब मात्र एकाच जागी अडतो. खोलीचं भाडं ठरलेलं, परीक्षेची फी ठरलेली, अभ्यासिकेचे पैसे ठरलेले. पैसे कमी पडले की काटकसर करायला एकच खातं उरतं, ते जेवणाचं.

हे पैसे कमी का पडतात, तेही बघा. शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन, कापूस विकला की पैसा येतो, म्हणजे वर्षातून एक-दोनदा. मेसवाल्या मावशींना तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागतो. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना किराणा भरायचा असतो, गॅस आणायचा असतो. मग भाव पडला, पाऊस लांबला की मुलगा गुपचूप दोन वेळची मेस एक वेळची करून टाकतो. रात्रीचा एक डबा दोघं वाटून खातात. नाश्ता तर आधीच सुटलेला असतो. घरी फोनवर विचारलं, "जेवलास का रे?" तर उत्तर ठरलेलं, "हो, जेवलो." आई-वडिलांना त्रास नको म्हणून मुलं असं सांगतात.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर शासनाची स्वाधार योजना आहे. 2016-17 पासून ती सुरू आहे आणि अनेक घरांतली पहिली पदवी तिच्या आधाराने झाली आहे. विभागीय शहरात राहणाऱ्याला वर्षाला 51,000 रुपये धरले गेले, त्यात भोजनाचे 28,000. भागाकार केला तर दिवसाला 77 रुपयांच्या आसपास. त्यात दोन वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता बसवायचा. शिवाय रक्कम हप्त्यांनी येते, भूक मात्र रोज लागते. माझं स्पष्ट मत आहे की भोजनाचा हप्ता सत्र सुरू होतानाच हातात पडला पाहिजे. पुस्तक महिनाभर उसनं आणता येतं, जेवण नाही आणता येत.

आता ताटाकडे येऊ. पैसे कमी झाले की ताटातली पोळी आणि भात कमी होत नाही. कमी होते ती डाळ. वरण पातळ होत जातं, उसळीच्या जागी बटाटा येतो, ताक-दही दिसेनासं होतं. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 65 किलो वजनाच्या तरुणाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि 55 किलोच्या तरुणीला 46 ग्रॅमच्या जवळपास. पातळ वरण आणि बटाट्याच्या भाजीवर तिथपर्यंत पोचणं अवघड आहे.

याच मुलाच्या गावातलं जेवण आठवून पाहा. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, कारळाची किंवा जवसाची चटणी, शेंगदाण्याचा ठेचा, पावसाळ्यात तांदुळजा, अंबाडी, घोळ. साधं, पण भरीव जेवण. शहरात आल्यावर भाकरी सुटते, कारण ती थापायला वेळ लागतो, हात लागतो, आणि मेसला पोळी सोयीची पडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण काढलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. वाण आपल्या मातीतलं, पण आपल्याच विद्यापीठांच्या भोजनगृहांत आठवड्यातून दोन दिवस तरी भाकरी का असू नये? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

मुलींचं तर वेगळं बोलायला हवं. संध्याकाळी वसतिगृहाचं फाटक लवकर बंद होतं, बाहेर जाऊन काही खायची सोय नसते, आणि घरातली सवय अशी की आपण शेवटी जेवायचं, उरलेलं घ्यायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 महिलांना रक्तक्षय आढळला. तरुणीला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला 19. वर्गात डोळे मिटणारी, जिना चढताना दम लागणारी मुलगी आळशी आहे असं म्हणण्याआधी तिच्या ताटात काय पडतं ते विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजण्याची 26 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. रोजच्या कामाला पुरेल एवढी ताकद आहे का, गरजेपुरते पैसे आहेत का, झोप नीट लागते का, असे प्रश्न त्यात येतात. आपण मुलांना विचारतो फक्त टक्के किती पडले.

खोलीवर राहणाऱ्यांना हाताशी असलेले काही उपाय सांगते. रोज मूठभर शेंगदाणे, त्याबरोबर गुळाचा खडा. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि ते अभ्यासिकेत खिशात बसतात. मटकी रात्री भिजवून फडक्यात बांधली की मोड येतात, चूल लागत नाही. सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, करणार असाल तर त्यात शेंगदाणे सढळ हाताने घाला. अंडी खात असाल तर समोशाच्या पैशांत उकडलेलं अंडं पुष्कळ बरं, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. आणि गावाकडून एसटीने डबा येत असेल तर आईला सांगा, शंकरपाळ्यांऐवजी कारळाची चटणी आणि धपाटे पाठव.

मेस चालवणाऱ्या मावशी-काकांना एक विनंती. भाजी एकच करा, पण वरण घट्ट ठेवा. महिन्याचे पैसे एकरकमी जमत नसतील त्यांच्याकडून आठवड्याला घ्या. प्राचार्यांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी महिन्यातून एकदा मुलांच्या पंगतीत बसून तेच जेवावं.

आणि मुलींनो, सरकारी रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लोहाची गोळी घ्या. तिच्याबरोबर लिंबूपाणी चालेल, चहा मात्र तासभर लांब ठेवा, कारण चहामुळे लोह अंगात कमी शोषलं जातं.

नमस्कार.