वालहालाची रेल्वे आणि आपला हॉल

नमस्कार मंडळी! मला पाच मिनिटं दिलीयत आणि मागे पुरणपोळ्यांचा वास सुटलाय, म्हणजे तुम्ही तीनच मिनिटं ऐकणार हे मला माहितीय.

लाँग वीकेंडला वालहालाला गेलो होतो, ते ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातलं सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. थॉमसन स्टेशनवरनं ती छोटी ट्रेन घेतली, बारा वर्षांच्या लेकीने माहितीचा बोर्ड वाचला आणि विचारलं, "बाबा, सोनं संपत आल्यावर ट्रेन कशाला आणली?"

आता बघा, 1862 च्या शेवटी नेड स्ट्रिंजर आणि त्याच्या जोडीदारांना तिथल्या ओढ्यात सोनं लागलं. तो बिचारा पुढच्याच वर्षी गेला, पैसा केला मागाहून आलेल्यांनी. मग लाँग टनेलसारख्या मोठ्या खाणी, बॉयलरला लाकूड हवं म्हणून आजूबाजूचे डोंगर बोडके केले, सपाट जागाच नाही म्हणून डोंगराचा माथा कापून क्रिकेटचं ग्राउंड केलं. तिथे ते लोक बॅटी घेऊन चढायचे, आणि आपण पार्किंग लांब आहे म्हणून संक्रांतीला येत नाही!

रेल्वेसाठी मात्र वर्षानुवर्षं मागे लागावं लागलं. आली 1910 ला, आणि 1914 ला लाँग टनेल बंद! लोक गेले, कितीतरी घरंसुद्धा सुटी करून नेली. ग्रिडची वीज पोचली ती थेट 1998 ला. आज कायमचे राहणारे असतील वीसेक.

लेकीला मी म्हटलं, "अगं, लोकांना परत जायची सोय झाली." ती हसली नाही. घरी आल्यावर आपल्या मंडळाला बांधायच्या हॉलच्या फंडाचे कागद पसरून बसलो तर तिचं परत तेच, ट्रेन कशाला आणली. आणि तिची आई स्वयंपाकघरातून, "हॉलच्या एकेका मीटिंगला जातोस, पोरीला मराठी शाळेत एकदा तरी सोडलंयस का?" झालं, जेवण गारच झालं.

आपणही हॉल, हॉल करतोय कधीपासून. मलाही हवाय हो, शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या रिंगखाली गणपती बसवून मीही कंटाळलोय. पण मागच्या नाटकाला पंचविशीच्या आतलं कोण होतं, तर साउंडवाला, आणि तोही ग्रीक.

पुढच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, हॉलच्या ठरावावर मतदान आहे. पोरांना बाहेर आयपॅड देऊन बसवू नका, आत आणा, त्यांनाही विचारू. ती काय म्हणतील याची मला जरा धास्तीच वाटतेय.